आईची कढई आणि तीन कार्डं

सुराबाया, ३ मार्च २००८

चि. वेनिंगला,
दानांगदादाचे अ. उ. आ.

परमानकाका बाजारात ट्रकमधला कोबी उतरवून आज दुपारीच डोंगरावर परत निघालेत, पत्र त्यांच्याच हाती द्यायचंय म्हणून घाईत लिहितो. आईच्या भिशीचा नंबर लागला हे वाचून मी दुकानात सगळ्यांना तळलेली केळी खिलवली. लॅपटॉप बघून ठेवलाय. स्वस्तातला आहे पण दणकट आहे. फक्त त्यात बिनतारी इंटरनेटचं कार्ड नाही, ते वेगळं घ्यावं लागेल.

कार्डं तीन तऱ्हेची मिळतात. एक मशिनच्या पोटात बसवतात, ते सर्वांत नवं आणि वेगवान. दुसरं बाजूच्या फटीत सरकवायचं, ते जरा बाहेर डोकावत राहतं. तिसरं बोटाएवढं, यूएसबीच्या भोकात खुपसायचं. ते खेळणंच म्हण, शाळकरी पोरं घेतात. मी नऊ वर्षं मशिनं उघडतोय, तेव्हा माझ्या बहिणीला पहिल्या प्रतीचंच मिळणार. तरी पुढे मला बोल लावू नयेस म्हणून तुझं मत विचारतो.

बाबांनी लवंगेच्या सिगारेटी खरंच कमी केल्या का, ते त्यांना न दाखवता लिही. माया आहे तशीच ठेव.

तुझा,
दादा

*

सुंबेरलेगी, ८ मार्च २००८

ती. दानांगदादास,
धाकट्या वेनिंगचा सलाम वि. वि.

मत विचारलंस, बरं वाटलं. ते ऐकायचं नाही हे आधीच ठरलंय हेही कळलं. तरी लिहिते, कारण इथे माझी नोकरी टांगणीला लागलीये.

मुक्त विद्यापीठाचं हे शेवटचं सत्र. त्यात सहा पाठ इंटरनेटवरून करायचे. एकेका पाठाला ओळीने चार संध्याकाळी बसावं लागतं, आणि तीन पाठ चुकले की पटावरून नाव जातं. पहिला माझा चुकला. तालुक्याच्या इंटरनेटच्या दुकानात बसले की पाचनंतर डोंगरावर यायला गाडी नसते. आणि पदवी हातात नसेल तर ऑगस्टपासून माझ्या पाचवीच्या वर्गावर दुसऱ्या बाई येणार, असं शिक्षणखात्याचे साहेब तोंडावर सांगून गेले. सहा वर्षं त्या वर्गाला मी गणित शिकवतेय, दादा.

आता नीट वाच. दरीपलीकडच्या हायस्कूलचा मनोरा आपल्या छपरावरून स्वच्छ दिसतो. सरळ रेषेत तीन किलोमीटर. तिथल्या हेडमास्तरांनी आसपासच्या शिक्षकांना संध्याकाळी त्यांचं इंटरनेट वापरायची परवानगी दिलीये, पासवर्डही दिलाय. तेव्हा कार्ड किती पळतं ते मला नको सांगूस. त्याला तीन किलोमीटरवरचं ऐकू येईल का ते सांग. मला वाटतं, ज्याला बाहेर काढून छपरावर नेता येईल असं काहीतरी हवं.

सिगारेटी तेवढ्याच आहेत. आता त्या गोठ्यामागे ओढल्या जातात इतकंच. आहे ती माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
वेनिंग

*

सुराबाया, १५ मार्च २००८

चि. वेनिंगला,
अ. उ. आ.

लॅपटॉप परमानकाकांजवळ दिलाय. ब्लँकेटात गुंडाळलाय, वर कोबी रचू नका असं त्यांना तीनदा बजावलंय. कार्ड पोटातलंच बसवलं.

कार्ड छपरावर न्यायचं हे तुझं म्हणणं मी दुकानात वाचून दाखवलं. कार्ड म्हणजे काय वाळत घालायची मिरची आहे का, असं रूडी म्हणाला आणि सगळे हसले. गणिताच्या बाई, तुम्ही गुणाकार शिकवा. हा प्रांत आमचा आहे. नवं कार्ड आहे, पकडेल.

लोभात खंड नसावा.

तुझा,
दादा

*

सुंबेरलेगी, २४ मार्च २००८

ती. दादास,
सलाम वि. वि.

लॅपटॉप सुखरूप पोचला. सुंदर आहे. आईने त्यावर भरतकामाचा रुमाल घातलाय.

कार्डाने मात्र काही पकडलं नाही. घरात नाही, अंगणात नाही, गोठ्यावर चढले तिथेही नाही. पाण्याच्या टाकीवर उभं राहून लॅपटॉप डोक्यावर धरला तेव्हा हायस्कूलचं नाव क्षणभर दिसलं आणि गेलं. बाबा खाली शिडी धरून उभे होते. त्यांनी विचारलं की दानांगने हे डोक्यावर घ्यायचं म्हणूनच पाठवलंय का.

लॅपटॉपच्या भरवशावर मी तालुक्याला गेलेच नाही, आणि परवा दुसरा पाठही चुकला. आता ९ ते १२ एप्रिलचा तिसरा चुकला की संपलं. मी तुझ्यावर रागावलेय. खोटं कशाला लिहू? त्या रात्री रडलेही.

पण काल हायस्कूलवर गेले होते. तिथले शिपाई कस्मुरीकाका खालच्या वाडीत राहतात आणि त्यांच्या घरी इंटरनेट चालतं. कसं ते बघायला गेले, तर त्यांच्या छपरावर बांबूला चक्क कढई आडवी बांधलेली, तोंड मनोऱ्याकडे. मधोमध एक नळी आणि नळीत तुझं ते बोटाएवढं खेळणं. कढईवर आदळलेलं सगळं गोळा होऊन त्याच्यावर पडतं. तिथून वायर खाली खोलीत. माणूस आठवी शिकलेला आहे, दादा.

तेव्हा मला तिसरं कार्ड पाठव. सोबत पाच मीटरची वायर. आणि रूडीला माझा सलाम सांग.

तुझी,
वेनिंग

*

सुराबाया, २९ मार्च २००८

चि. वेनिंगला,
अ. उ. आ.

तुझं पत्र दुकानात वाचलं नाही, एकट्याने वाचलं. दोनदा.

मी शहरातल्या गिऱ्हाईकाला द्यावं तसं तुला कार्ड दिलं. त्याचं घर चार भिंतींचं असतं, तुझ्यामध्ये आणि मनोऱ्यामध्ये अख्खी दरी आहे. तू ते पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस आणि मी हसलो. चुकलो. हे मी आजवर फक्त आईला म्हणालोय, तेही लहानपणी, फोक पाहून.

खेळणं पाठवतोय, वायरही. दोन सांगून ठेवतो. पाच मीटरच्या पुढे वायर जोडू नकोस, दम टिकत नाही. आणि कार्ड कढईच्या तळापासून किती अंतरावर ठेवायचं यावर सगळा खेळ आहे. कढईच्या रुंदीचा वर्ग करायचा आणि खोलीच्या सोळापटीने भागायचं. रूडीला हे समजावताना माझीच तीनदा चूक झाली, पण तुला जमेल. कढई खोल आणि गोल बुडाची हवी. तशी आपल्या घरात एकच आहे, आणि ती मागायची हिंमत माझ्यात नाही.

रागावलीस तरी पत्र लिहायचं सोडू नकोस.

तुझा,
दादा

*

सुंबेरलेगी, ५ एप्रिल २००८

चि. दानांगला,
आईचे अ. उ. आ.

हे काय नवीन काढलंयस? वेनिंग दोन दिवस फूटपट्टी घेऊन माझ्या चुलीभोवती फिरते आहे. काल शेजारची सपाट बुडाची कढई मागून आणून छपरावर टांगली. काही झालं नाही, नुसते कावळे जमले. आता डोळा माझ्या कढईवर आहे.

मी सांगितलं, दुसरं काहीही माग. पोनच्या बाजाराला मी सोयाबीनचे टेम्पे कशात तळू, हाताच्या ओंजळीत? दर पाच दिवसांनी पोनचा वार आला की तो बाजार मी केलाय. तुझ्या जन्माच्या आदल्या दिवशीही केला. पोर भात न खाता उठली आणि तेच मला खातंय.

जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझी,
आई

*

सुंबेरलेगी, १३ एप्रिल २००८

ती. दादास,
आनंदाने सलाम वि. वि.

झालं. चारही संध्याकाळी बसले, शेवटचं उत्तर काल सातच्या आत गेलं. पोच आली. नाव पटावर आहे.

सात तारखेला सकाळी उठले तर कढई माझ्या दप्तराशेजारी ठेवलेली. राख लावून इतकी घासलेली की मी आधी ओळखलीच नाही. रुंदी छत्तीस, खोली दहा. आठ सेंटिमीटर आणि वर एक रेघ. बाबांनी बांबू रोवला. ते छपरावर कढई तसूतसूने फिरवत होते आणि मी खालून ओरडत होते, डावीकडे, अजून, पुढे गेली, मागे घ्या. दोन तासांनी हायस्कूलचं नाव आलं आणि गेलं नाही. बाबा वरूनच सिगारेट पेटवून बसले. त्या दिवशी मी ती ओढू दिली.

खरी गोष्ट पुढेच आहे. दहा तारखेला पोनचा बाजार होता. मी आईला म्हटलं, पहाटे कढई काढून ने, दुपारी परत लावू. तिने विचारलं, पुन्हा तशीच्या तशी लागेल का? मी म्हटलं, खात्री नाही. मग राहू दे म्हणाली, आणि परकर खोचून कोंबड्यांना दाणे टाकायला गेली. तिचा बाजार बुडाला, दादा. गावातल्या बाया विचारायला आल्या, हिला बरं नाही का म्हणून. तिने त्यांना अंगणात उभं करून छप्पर दाखवलं.

रूडीला सांग, मिरची वाळली.

तुझी,
वेनिंग

*

सुराबाया, १९ एप्रिल २००८

ती. आईस,
दानांगचा सलाम वि. वि.

परमानकाकांबरोबर नवी कढई पाठवतो आहे. छत्तीस रुंद, दहा खोल, फूटपट्टीने मोजून घेतली. दुकानदार विचारत होता की स्वयंपाकाला कोण फूटपट्टी लावतं. ही छपरावर बांधा आणि तुझी तू खाली घे.

दुकानात आता डोंगरावरचं गिऱ्हाईक आलं की मी आधी विचारतो, छपरावरून काय दिसतं. तुझी माया अशीच राहो.

तुझा,
दानांग

*

सुंबेरलेगी, २ ऑगस्ट २००८

चि. दानांगला,
आईचे अ. उ. आ.

हे पत्र परमानकाकांच्या ट्रकने आलेलं नाही. मी सांगते आहे, वेनिंग टाइप करते आहे आणि ते कढईतून तुझ्याकडे निघालंय. काका रुसलेत. कोबीबरोबर न्यायला कागद नाही तर गाडी ओकीओकी वाटते म्हणाले. त्यांच्यासाठी म्हणून महिन्याला एक पत्र हाताने लिहीत जा.

बातमी अशी की काल निकाल लागला. वेनिंग पास झाली, पहिल्या वर्गात. साहेब स्वतः शाळेत येऊन सांगून गेले, पाचवीचा वर्ग तिचाच. बाबांनी सगळ्या गल्लीला कॉफी पाजली आणि प्रत्येकाला शिडीवर चढवून छप्पर दाखवलं.

तू पाठवलेल्या कढईत मी तळते. टेम्पे चांगले होतात, गिऱ्हाईक तुटलेलं नाही. जुनी मात्र वरच ठेवली आहे. वेनिंग म्हणाली, आता खाली घेऊ, नवीही तेवढ्याच मापाची आहे. मी नको म्हटलं. तुम्हा दोघांच्या शाळेची फी त्याच कढईतून निघाली, वेनिंगची पदवीही तिच्यातूनच निघाली. तीस वर्षं विस्तवावर बसली बिचारी. आता बसू दे जरा वाऱ्यावर, मान वर करून.

सुट्टी मिळाली की ये. तुझ्या वाटचे टेम्पे काढून ठेवलेत.

तुझी,
आई