डाव्या खांद्याच्या बारा ओळी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा हातविणकाम, राहणार याच घराच्या तळमजल्यावर, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि बऱ्याच जणांच्या सल्ल्याविरुद्ध हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो देण्यापूर्वी त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी दोनवर येऊन थांबले आणि पुढे उणे चालेल का असे विचारले, तेव्हा त्यांनी घाईने सही केली. शेजारणीशी बोलता बोलता दोनशे टाके न चुकता मोजणाऱ्या बाईची ही परीक्षा. असो.

यापूर्वीचे माझे मृत्युपत्र या दस्ताने रद्द होत आहे. ते तीन वर्षांपूर्वी केले होते. त्यातले सहावे कलम रागाने लिहिले होते. राग खराच होता, माहिती मात्र अपुरी होती. कशी, ते पुढे येईल.

कलम पहिले. राहते घर माझ्या एकुलत्या एका मुलाला मिळावे. तो गेली काही वर्षे दर रविवारी टेप घेऊन खोल्या मोजतो. मी खुर्चीत बसलेली असले तर खुर्चीसकट मोजतो, उठायला सांगत नाही, एवढा तो मातृभक्त आहे. अट एकच: पुढच्या खोलीची पूर्वेची खिडकी बुजवू नये, विणकामाला तिथला उजेड चांगला आहे. वकीलसाहेब म्हणतात, अशी अट टिकत नाही. मला ठाऊक आहे. वाचताना मुलाला दोन मिनिटे वाईट वाटावे, एवढ्याचसाठी ती घातली आहे.

कलम दुसरे. बँकेत जे असेल ते सुनेला द्यावे. किती आहे हे तिने मला कधी विचारले नाही, हेच कारण.

कलम तिसरे. कपाटातली सर्व लोकर माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला द्यावी. ती माझ्याकडे दोन वर्षे शिकली आणि आता फोनवर हजारो लोकांना शिकवते. ‘मी स्वतः शोधून काढलेली आखूड ओळीची पद्धत’ असे म्हणून ती जे दाखवते, ते मी तिला याच खिडकीशी बसवून तीनदा दाखवले होते. तिने शोधले हे खरेच आहे. आधी माझ्याकडे येऊन शोधले. तिच्यावर दावा लावायची माझी इच्छा नाही. फक्त ती उलट बाजूला चुकते, आणि हजारो लोक आता तिच्यासारखेच चुकत आहेत. म्हणून पुढचे कलम तिने मोठ्याने वाचावे आणि हवे तर तेही स्वतःच शोधले म्हणून सांगावे.

कलम चौथे. माझी खरी मिळकत म्हणजे आखूड ओळ. ज्यांना विणता येत नाही त्यांच्यासाठी: विणताना ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. कापडाला एका बाजूला फुगवटा हवा असेल, मोज्याच्या टाचेला किंवा खांद्याला, तर ओळ पुरी न करता मधूनच वळून परत यायचे. त्या बाजूला ओळी जास्त होतात आणि कापड तिथे वाढते. पण जिथे वळलो तिथे भोक पडते. ते भोक झाकणे हीच सगळी कला. ती साधली तर कोणाला काही दिसत नाही, आणि काही दिसत नसल्यामुळे कोणी कौतुकही करत नाही. माझ्या मुलाने एकदा विचारले होते, “आई, दिसतच नाही तर करायचं कशाला?” त्याचे उत्तर पाचव्या कलमात आहे.

झाकण्याच्या तीन पद्धती मला येतात.

पहिली वेढ्याची. वळण्याआधी पुढचा टाका न विणता उचलावा, त्याच्या पायाशी धाग्याचा वेढा द्यावा, टाका परत ठेवून वळावे. पुढे पूर्ण ओळ विणताना तो वेढा टाक्यासोबत उचलून दोन्ही एकत्र विणावे. बारीक लोकरीला ठीक. जाड लोकरीला भोक जाते आणि त्या जागी फोड येतो.

दुसरी दोन पायांची. आधी वळावे, पहिला टाका नुसता उचलावा आणि धागा सुईवरून मागे ओढावा, म्हणजे एका टाक्याचे दोन पाय दिसतात. परत येताना दोन्ही पाय एकत्र विणावे. सोपी आहे. आळशी माणसाला हीच शिकवावी, निदान तो पूर्ण तरी करेल.

तिसरी पिनेची. वळताना धाग्यालाच सेफ्टी पीन अडकवावी. परत त्या जागी आल्यावर पीन ओढून धाग्याचा फास सुईवर घ्यावा आणि शेजारच्या टाक्यासोबत विणावा. उलट बाजूने विणताना आधी फास आणि टाका यांची जागा बदलावी, म्हणजे फास मागे लपतो. माझी विद्यार्थिनी चुकते ती इथे. शिवाय सगळी वळणे एका रेषेत घेऊ नयेत. लपवालपवी एका रेषेत केली की कोणालाही दिसते.

कलम पाचवे. हे कलम देण्याघेण्याचे नाही. माझ्या मुलाला त्याच्या वडिलांबद्दल एक गोष्ट माहीत नाही, ती इथे नोंदवते.

माझे यजमान नगरपालिकेतर्फे चौकातल्या मनोऱ्यावरच्या घड्याळाची देखभाल करीत. आठवड्यातून दोनदा शिडीने वर जाऊन किल्ली द्यायची, तेलपाणी करायचे. आमच्या लग्नाला चार वर्षे झाली होती, मुलगा पाळण्यात होता, तेव्हा ते शिडीवरून पडले. गळ्याजवळचे हाड मोडले. हाडवैद्याने बसवले, म्हणजे त्याला जिथे बसावेसे वाटले तिथे बसू दिले. उजवा खांदा दोन बोटे खाली आला तो कायमचा. काम त्यांना सगळे जमत होते, पण कचेरीत साहेब दरवर्षी कपड्यांवरूनच शरीर तपासणी घेत आणि ती पंधरा दिवसांवर आली होती. खांद्यात खोट दिसली तर मनोरा सुटणार आणि तळघरात जावक टपालाच्या टेबलावर बसावे लागणार, हे ठरलेले. ते घड्याळ त्यांना माझ्याहून आधी भेटले होते. टपालाच्या टेबलावर ते वर्षभरसुद्धा टिकले नसते, हे मला त्यांच्या तोंडाकडे पाहून कळत होते.

त्यांनी शिंप्याकडून कोटाला आतून कापूस भरून घेतला. खांदा सारखा दिसला, पण हात वर होईना. मग मी म्हटले, “मी स्वेटर विणते.”

“स्वेटरने हाड वर येतं का?”

“हाड येत नाही. माणसं हाड बघत नाहीत, सुरकुत्या बघतात. गळा वाकडा गेला, कड एका बाजूला लोंबली, की बघणाऱ्याची नजर आपोआप खांद्याकडे वळते. ते सगळं सरळ ठेवते, वर रुंद कॉलर देते.”

खांदा उजवा उतरला होता, म्हणून जादा ओळी डाव्या खांद्याला द्यायच्या होत्या. धडधाकट बाजूलाच जास्त वाढावे लागते. पुढे हा नियम मला संसारातही उपयोगी पडला. मी स्वेटर गळ्यापासून खाली विणते, त्यामुळे खांदे सुरुवातीलाच येतात. बारा ओळी, बारा वळणे, पुढे सहा, मागे सहा. पहिल्या खेपेला मला यातले काही येत नव्हते. बारा भोके ओळीने उभी राहिली.

माझी नणंद तेव्हा आमच्याकडेच राहत असे. वन्संना अपघात माहीत होता, खांद्याचे माहीत नव्हते. यजमानांनी घरातही कोणाला सांगू दिले नव्हते, आणि सदऱ्यावर शाल घेऊन वावरत होते. वन्संनी ते विणकाम उचलले, एका भोकात करंगळी घातली आणि म्हणाल्या, “वहिनी, दादाच्या खांद्याला खिडक्या छान ठेवल्यास. वारा खेळता राहील.”

मी ते उसवले. वेढ्याने केले, फोड आले, उसवले. दोन पायांनी केले, पुढून जमले, मागून सैल पडले, उसवले. पिनेची पद्धत मला कोणी शिकवली नाही; मुलाच्या लंगोटाची पीन चुकून धाग्यात अडकली आणि ओढल्यावर जे झाले ते पाहून मी जेवायची विसरले. त्या दिवसांत घरात कोणाचेच जेवण वेळेवर झाले नाही. वन्संनी नात्यागोत्यात सांगितले, “दादा आजारी, पोर रडतंय आणि ही बया दिवसभर सुया घेऊन खिडकीत बसते.” मला उत्तर देता येत नव्हते. उत्तर दिले असते तर खांदा उघडा पडला असता.

तपासणीला साहेबांनी यजमानांना समोर उभे केले, हात वर करायला सांगितले. डावा पूर्ण गेला. उजवा कानापर्यंत गेला. कड दोन्हीकडून सारखी उचलली गेली. साहेबांनी बराच वेळ पाहिले आणि विचारले, “स्वेटर कुठून घेतलात?”

“घरचाच आहे.”

“मलाही एक हवा.”

तो मी विणून दिला. साहेबांचे दोन्ही खांदे एका पातळीत होते, त्यामुळे त्या कामात काही मजा आली नाही. यजमानांनी पुढे तेवीस वर्षे घड्याळाला किल्ली दिली. तो स्वेटर त्यांनी उन्हाळ्यातही घातला आणि लोक त्यांना थंडी फार बाधते म्हणून हसले. ही लबाडी होती का, असे कोणी विचारेल. होती. घड्याळ मात्र वेळेवर होते.

कलम सहावे. माझ्या नणंदेविषयी. जुन्या मृत्युपत्रात तिला ‘काहीही देऊ नये, विचारल्यास कारण सांगावे’ असे लिहिले होते. कारण असे: अकरा वर्षांपूर्वी यजमान इस्पितळात वारले. मी पंधरा दिवस मुलाकडे वरच्या मजल्यावर होते. खाली आले तर स्वेटर नव्हता. वन्सं तो घेऊन गेल्या होत्या आणि नातीच्या टोपीसाठी उसवला होता. लोकर चांगली होती, म्हणाल्या, वाया जाऊ नये. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलले नाही.

गेल्या महिन्यात त्या बिस्किटांचा डबा घेऊन दारात उभ्या राहिल्या.

“वहिनी, आत येऊ?”

“दार उघडंच आहे.”

बसल्यावर त्यांनी डबा उघडला नाही. आधी बोलल्या. “मी खालून उसवत आले. लोकर सरळ निघत होती. खांद्याशी आले आणि धागा मधूनच परत फिरायला लागला. मला वाटलं, तुझं चुकलं. खोटं कशाला बोलू, आनंद झाला मला. एवढी विणणारी आणि एका खांद्याला ओळी जास्त. मग राहिलेल्या मोजल्या, उसवलेल्या धरून बारा. डाव्याच खांद्याला.”

मी डबा स्वतःकडे ओढला.

“मग इस्पितळातला दादा आठवला. अंगात नुसता सदरा, उजवा खांदा उतरलेला. तेव्हा म्हटलं, आजारपणाने झालं असेल. ती भोकं, तो कोट, तुझं खिडकीत बसणं, सगळं एकदम कळलं. दोन ओळी उसवल्या होत्या. तिथेच थांबले, टाके दोऱ्यात ओवून ठेवले.”

“आणि अकरा वर्षं डब्यात ठेवलंत?”

“काय तोंडाने येणार होते? मी सगळ्यांना सांगून बसले होते की तू आळशी आहेस.”

डब्यात डावा खांदा आणि निम्मी कॉलर होती; उजवा आधीच टोपीत गेला होता. मी तो तुकडा उजेडात धरला आणि राहिलेली दहा वळणे शोधली. मला एकही सापडले नाही. चष्मा बदलून पाहिले, तरी नाही. मग वन्संनीच बोट ठेवून एक दाखवले. उसवणाऱ्यालाच ते कळते. माझ्या कामाकडे इतके नीट पाहिलेले ते एकच माणूस निघाले, आणि त्यासाठी तिला माझ्या नवऱ्याचा स्वेटर मोडावा लागला. याचा राग मला अजून आहे. तो या दस्ताने कोणालाही दिलेला नाही, माझ्याजवळच राहील.

तो खांदा मुलाला मिळावा. मोजायच्या टेपशेजारी ठेवावा.

कलम सातवे. माझ्या सर्व सुया, पिना आणि नमुन्याचे तुकडे मी नणंदेला लिहून देणार होते. वकीलसाहेबांनी सांगितले की जिला काही मिळणार आहे तिने साक्षीदार होऊ नये, पुढे वाद निघतो. सुया किंवा सही, दोन्हीतले एक निवडा. मी वन्संना बोलावून विचारले. मला वाटले, सुया घेतील, फुकटची वस्तू त्यांनी कधी सोडलेली नाही. त्या म्हणाल्या, “सुया सुनेला दे. मी सही करते. आजवर तुझ्याबद्दल नुसतं तोंडीच बोलत आले.”

त्यामुळे सुया, पिना व नमुने सुनेला मिळावेत. ती पहिल्या पद्धतीपर्यंत आली आहे. फोड येतात. उसवायला सांगावे.

हे सर्व मी स्वतःच्या हाताने लिहिले, वाचून पाहिले, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही करीत आहे.

सही: स्वहस्ते, लिहून ठेवणारी

साक्षीदार पहिला: घरचे डॉक्टर. ‘वजाबाकी बरोबर होती.’ सही.

साक्षीदार दुसरी: नणंद. ‘वहिनीने माझ्यासमोर सही केली. पाचव्या कलमातले तपासणीचे मला ठाऊक नाही, मी तिथे नव्हते. पण डाव्या खांद्याला बारा ओळी जास्त होत्या, त्या मी स्वतः मोजल्या. ती त्या पंधरा दिवसांत रिकामी बसलेली नव्हती, असे मी लिहून देते.’ सही.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: ९ फेब्रुवारी, सोमवार, सकाळी अकरा वाजता