खडूची टोपी

भिंगार, ६ जुलै २०२५

चि. पंकजास अनेक आशीर्वाद.

फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं मी मनाने रचतो, म्हणून हे पत्र. शेजारचा कल्याण पुण्याला येतोय. त्याच्याबरोबर माझ्या वडिलांचा, म्हणजे तुझ्या पणजोबांचा फोटो टॉवेलात गुंडाळून दिलाय. इंग्रजी अमलातल्या छावणीवर तू चित्रं काढतेस आणि मधल्या सगळ्यात मोठ्या चित्रात गांधी टोपी घातलेले स्वातंत्र्यसैनिक गहिनीनाथ असणार, हे वाचून सकाळभर शाळेतली झेंड्याची कविता म्हणत बसलो. दुसऱ्या कडव्याशी अडलो. तुझी आई म्हणाली, आबा, कडवं सापडेल तेव्हा सापडेल, चहा तरी गार करू नका.

फोटो समोर ठेवून काढ. फ्रेम मात्र उघडू नकोस.

तुझ्यावरचा जीव पत्रात न मावणारा,
आबा

पुणे, १९ जुलै २०२५

ती. आबांना पंकजाचा सा. न. वि. वि.

तुमचं ऐकलं नाही, रागवा. आत बुरशी चढली होती म्हणून फ्रेम उघडली. टोपीवर ओला कापूस फिरवला तर पांढरं सुटून आलं. डाग समजून पुसत गेले. खाली तुऱ्याचा फेटा निघाला, त्यावर पितळी बिल्ला. तसला फेटा मी जुन्या फोटोंत पाहिलाय. साहेबांच्या मेसमधले वाढपी बांधायचे.

आबा, पणजोबा तुरुंगात गेले होते ना? चित्रांच्या प्रदर्शनाची निमंत्रणपत्रिका छापायला द्यायचीय आणि तिच्यात मी स्वतःला स्वातंत्र्यसैनिकाची पणती म्हटलंय. खरं काय ते कळवा. आई म्हणते, हा विषय काढला की तुम्ही जेवत नाही. तर आधी जेवा, मग लिहा.

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
तुमची पंकी

भिंगार, २५ जुलै २०२५

चि. पंकजास आशीर्वाद.

जेवलो. आता लिहितो.

ते तुरुंगात कधीच गेले नाहीत. पाथर्डीकडची कोरडी जमीन सोडून इथे आले आणि मेसमध्ये ताटं वाढत राहिले. सत्तेचाळीस साली मी दहा वर्षांचा होतो. ज्यांच्या घरचं कोणी चळवळीत होतं त्यांनी झेंडावंदनाला फोटो आणावा, असं गुरुजींनी सांगितलं. घरात हा एकच, साहेबाने मायदेशी जाताना काढून दिलेला. मी खडू कुटला, डिंकात कालवला आणि फेट्यावर टोपी काढली. वडिलांनी पाहिलं. वाटलं, आता पाठ सोलणार. ते एवढंच म्हणाले की टोपी लई वाकडी झाली हाय, आणि बोट ओलं करून त्यांनी तिची कड सरळ केली.

दुसऱ्या दिवसापासून ते फेटा पिशवीत घालून नेत, गेटाशी पोचल्यावर बांधत. साहेब गेले, आपले अधिकारी आले, फेटा तोच राहिला. शाळा दर पंधरा ऑगस्टला त्यांच्यासाठी खुर्ची मांडायची आणि दर पंधरा ऑगस्टला त्यांना ताप यायचा. मग मी जायचो, कविता म्हणायचो, टाळ्या घ्यायचो. ते वारल्यावर शालही घेऊ लागलो. अजून घेतो.

त्या कडेवर त्यांच्या बोटाचा ठसा होता, पंकजा. तिरपा उजेड पडला की काचेतून दिसायचा. म्हणून म्हटलं होतं, उघडू नकोस.

पत्रिकेतलं ते वाक्य काढ.

रागावलीस तरी लिहीत राहा, एवढंच मागणारा,
आबा

पुणे, २ ऑगस्ट २०२५

ती. आबांना सा. न. वि. वि.

वाक्य काढलं. तो कापूस शोधला; कचऱ्याबरोबर गेला होता. माफ करा म्हणून काही परत येत नाही, तरी म्हणते.

मोठं चित्र पुन्हा पहिल्यापासून काढतेय. छावणीचं गेट, पणजोबा बोडके, हातात पिशवी. त्यांचे केस कसे होते हो? फोटोत फेटाच आहे.

तुमचीच, चुकली तरी तुमचीच,
पंकी

भिंगार, ११ ऑगस्ट २०२५

चि. पंकजास आशीर्वाद.

केस फार लवकर पिकले होते. बिल्ला टेकायचा तिथे कपाळावर काळा घट्टा होता, तो काढ. डोळ्यांचा रंग विचारू नकोस. जन्मभर कविता पाठ केल्या, तो पाठ राहिला नाही.

काल शाळेचा शिपाई बोलावणं घेऊन आला. यंदा शाल भारीतली आहे म्हणाला. मी पांघरूण ओढून घेतलं आणि तुझ्या आईला म्हटलं, आबांना ताप आहे म्हणून सांग. तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला, आणि दारात जाऊन तसंच सांगितलं.

आबा