भिंतीवरचा अजगर

प्रिय आई,
देव तुला बरं ठेवो. मी मजेत आहे, खोली उबदार आहे, जेवणही वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतेस की नुसतं लावते म्हणतेस?

इथल्या जुन्या चर्चमधलं भिंतीवरचं चित्र मी साफ करतेय. आपल्या कपाटाच्या दारावर आहे ना, तोच संत, अजगराला भाल्याने मारणारा. पण वरची काजळी काढली तर अजगर आणि भाला, दोन्ही कितीतरी शतकांनंतर रंगवलेले निघाले. तो वरचा रंग उतरवला, तर खालच्या मूळ चित्रात एक साधा माणूस प्रार्थनेला हात वर करून उभा आहे, बस.

फादर रोज डोकावतात. "अजगर राहू द्या, लोक त्याच्यासाठीच येतात," म्हणाले होते. काल माझं सामान कुणीतरी हलवलेलं दिसलं. आता मी कुलूप लावते. तू काळजी करू नकोस.

या कामाने मला संशयाची खोडच लागलीय. मी लहान होते तेव्हा बाबा नदीत नुसते बुडाले होते. मी दहावीत जाईपर्यंत त्यांनी एका मुलाला वाचवलं होतं. माझ्या लग्नात मामाने त्या एकाची दोन मुलं केली. त्यातलं एकही कधी आपल्या घरी आलं नाही.

मामाला विचारू नकोस, तो तिसरं काढेल. तूच सांग, बाबांना पोहता येत होतं का?

नसेल येत, तर तसंच लिही. अजगर गेल्यापासून हा संत मला जवळचा वाटायला लागलाय. बाबाही वाटतील.

तुझीच,
थोरली