नटावरची पांढरी रेघ

१० नोव्हेंबर, सोमवार

गाडीखाली डाग आहे. तळहाताएवढा, काळा, मधे चकाकणारा. काल नव्हता — संध्याकाळी फरशी मी स्वतः झाडली होती. बोट लावून पाहिलं. ऑइलच.

इंजिनमधली ऑइल मोजायची पट्टी काढून पाहिली. ऑइल दोन खुणांच्या बरोबर मधे. शनिवारी वरच्या खुणेला टेकलं होतं.

आणि हे नेमकं आज! लॅबने मला घेतल्याचं शनिवारी फोनवर कळलं होतं, आज सकाळी पत्र आलं. १ डिसेंबरपासून रोज रक्ताचे नमुने घाटापलीकडच्या मोठ्या इस्पितळात पोचवायचे. अट एकच, गाडी स्वतःची आणि भरवशाची हवी. नववीत शाळा सोडली त्यानंतर माझ्या नावाचं छापील पत्र हे पहिलंच. तीनदा वाचलं, एकही चूक नाही. आईने ते डब्यांच्या फळीवर उभं करून ठेवलं आहे, येता-जाता दिसेल असं. बाबांनी चष्मा न लावताच पाहिलं आणि परत दिलं.

गाडी दादाची. दीड वर्ष उभी आहे. मी फक्त रविवारी दहा मिनिटं चालू करतो.

११ नोव्हेंबर, मंगळवार

कोपऱ्यावरच्या गॅरेजचा मिस्त्री येऊन बघून गेला. मी सगळं वहीत टिपतो म्हणून तो मला मास्तर म्हणतो. ऑइल कूलर गळतो आहे, म्हणाला. (कूलर — कू दीर्घ.) पुढे एक छोटी जाळी असते, इंजिनचं तापलेलं ऑइल तिच्यातून फिरून निवतं. जाळीला येणाऱ्या नळीचा नट सैल झाला होता. मी काळजीत दिसलो असेन, कारण तो म्हणाला, इंजिनलाही सर्दी होते मास्तर, नाक पुसलं की झालं.

नट आवळला. मग नटावरून खालच्या धातूवर अशी एकच पांढऱ्या रंगाची रेघ मारली. नट केसभर जरी फिरला तरी रेघ मोडणार. म्हणजे नुसतं बघून कळतं, पाना लावायला नको.

१२ नोव्हेंबर

कोरडं. रेघ सलग.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

डाग. पहिल्यापेक्षा मोठा. विजेरी घेऊन आडवा झालो आणि वर पाहिलं. थेंब नटाच्या खालच्या कडेला लोंबत होता. रेघ मात्र जशीच्या तशी, सलग. बराच वेळ बघत पडून राहिलो. नट फिरला नाही, तरी गळतो कसा?

१४ नोव्हेंबर

रात्री खाली पुठ्ठा अंथरला होता. त्यावर पट्टीने चौकोन आखले. सकाळी मोजले — एकतीस थेंब. बहुतेक सगळे एकाच चौकोनात, एकावर एक.

आई म्हणाली, कुठल्याही कामाला तू आधी चौकट आखतोस. दादाचं उलट होतं, असं म्हणता म्हणता थांबली.

१६ नोव्हेंबर, रविवार

मिस्त्रीने कूलर उतरवला. तोंडं बंद करून पाण्याच्या टबात बुडवला आणि आत हवा भरली. जाळी फुटली असेल तर बुडबुडे येतात. आम्ही दोघं टबावर वाकून बसलो. एकही बुडबुडा नाही. पाण्यात फक्त आमची दोन तोंडं.

कूलर धडधाकट आहे, म्हणाला. वॉशर नवे घातले, नट आवळला, जुनी रेघ खरवडून नवी मारली. मी विचारलं, उतरवताना नट कसा लागला? म्हणाला, सैलच होता, सहज फिरला. इंजिनच्या थरथरीने होतं. मग रेघ का मोडली नाही? पाना पुसत राहिला. "मास्तर, तू फार विचार करतोस. गाडीला तेवढं डोकं नसतं."

दादाची गोष्ट तो काढत नाही, पण गाडी तोही ओळखतो. त्या दिवशी ही घाटातल्या चौथ्या वळणावर उभी सापडली. इंजिन चालू, हँडब्रेक ओढलेला, चालकाचं दार उघडं. गाडीवर ओरखडा नाही. दादा खाली दरीत. धुक्यात कड दिसली नसेल, असं सगळे म्हणाले. पण तो उतरलाच का, हे कुणालाच सांगता आलं नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सहा वाजता खाली गेलो. डाग. रेघ सलग.

इंजिन चालू करावं म्हणून आत बसलो आणि लगेच उठलो. सीट कोमट होती. शेजारच्या सीटवर हात ठेवून पाहिला, ती गार. पुन्हा आपली सीट. कोमट — कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी. किल्ली तर घरात दारामागच्या खिळ्यावरच होती, मीच काढून आणली.

कुणाला सांगितलं नाही.

१९ नोव्हेंबर

चव्वेचाळीस थेंब. रेघ सलग.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज सुई घेऊन खाली शिरलो. रेघ अगदी हलक्या हाताने खरवडली. नटाच्या खाचेत, रेघेपासून बाजूला, पांढऱ्या रंगाचा एक कण सापडला. तिथे रंग असायचं कारण नाही. म्हणजे मिस्त्रीची रेघ नटाबरोबर बाजूला सरकली होती. कुणीतरी नट पाव फेरा सैल केला, सरकलेली रेघ पुसली आणि त्याच जागी नवी ओढली.

मिस्त्रीला बोलावून आणलं. त्यानेही आडवं होऊन पाहिलं. बाहेर आला, हात पुसले. मग म्हणाला, ही माझी नाही. आम्ही फासतो, ही ओढलेली आहे. आणि शेवटी टिंब दिलंय बघ, मी कशाला टिंब देईन?

टिंब मलाही दिसलं होतं. मला वाटलं रंग सांडला.

घरी येऊन हात धुवायला मोरीत गेलो. नळाच्या नटावर रेघ, शेवटी टिंब. कुकरच्या दांड्याच्या स्क्रूवर रेघ, टिंब. कपाटाची बिजागरी, पंख्याचा रेग्युलेटर, माझ्या खाटेचे चारही बोल्ट. जन्मापासून बघतो आहे, म्हणून कधी दिसलंच नाही. बाबा एकतीस वर्षं कारखान्यात फिटर होते. तिथे ज्याने नट हाताळला त्याने आपली खूण करायची, हा नियम. बाबांची खूण टिंब.

पण बाबा दादा गेल्यापासून जिना उतरलेले नाहीत. गुडघे.

२२ नोव्हेंबर

दिवसभर बाबांकडे बघत होतो. ते खिडकीत बसून होते. उजव्या अंगठ्याच्या नखात पांढरं होतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

विचारलं. चहा झाल्यावर, आई आत असताना. म्हणालो, बाबा, कूलरच्या नटावरचं टिंब तुमचं आहे.

त्यांनी नाही म्हटलं नाही. चोरी करणाऱ्याने सही करून जावी तसं झालं, पण त्यांना तसं वाटलंच नव्हतं. नट हाताळला की खूण करायची, सैल केला तरी. उघडा नट सोडून येता येत नाही, म्हणाले.

पहाटे चारला उठायचे, पहिल्या पाळीची जुनी सवय. आम्ही झोपलेले असताना जिना एकेक पायरी बसत बसत उतरायचे. काम झालं की गाडीत बसून राहायचे, गुडघे परत चालेपर्यंत; मग किल्ली पुन्हा खिळ्यावर.

मी विचारलं, का? मी ही नोकरी करू नये असं होतं तर तोंडाने सांगायचं होतं.

तेव्हा ते बोलले. खिडकीकडेच तोंड होतं.

"त्या दिवशीही कूलर गळत होता. तुझा दादा म्हणाला, राहू दे बाबा, आज नाही जात. मी म्हणालो, दहा मिनिटांचं तर काम आहे. मी आवळून दिला."

आई दारात कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. तिच्या हातात ओला पेला होता. हळूच म्हणाली, "दीड वर्ष शेजारी झोपता, आणि हे मला आज कळतंय." आत गेली. जेवणं झाली, पण वाढताना कुणी कुणाला आणखी हवं का विचारलं नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

बाबा दिवसाउजेडी खाली आले. भिंतीला धरून, बसत बसत. मी हात पुढे केला, घेतला नाही. पाना लावला, आवळला, पुसलं, रेघ ओढली, टिंब दिलं. उठताना मात्र मला धरलं. म्हणाले, "जा तू. मी कुणाकुणाला बांधून ठेवू?"

२६ नोव्हेंबर

तिसरा दिवस. पुठ्ठा कोरा. परवा भरलेलं ऑइल पट्टीवर वरच्या खुणेला. आईने पत्र फळीवरून काढून माझ्या शर्टाच्या घडीत ठेवलं आहे.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

मिस्त्रीला शेजारी बसवून घाट चढून पाहिला. भर दुपार, लख्ख ऊन, धुक्याचं नाव नाही. इंजिन मऊ चाललं होतं. मिस्त्री मजेत होता. म्हणाला, मास्तर, तुझ्या हाताखाली गाडी वरात निघाल्यासारखी चालते, जरा दाब की.

पहिलं वळण. दुसरं. तिसरं.

मग मिस्त्रीने माझा दंड धरलेला होता. जोरात. "कुठे निघालास?"

गाडी चौथ्या वळणावर उभी होती. इंजिन चालू, हँडब्रेक ओढलेला, माझं दार उघडं. माझा उजवा पाय रस्त्यावर होता. पट्टा मी सोडलेला होता. यातलं काहीही केल्याचं मला आठवत नाही. कुणी हाक मारली नव्हती. काही दिसलं नव्हतं. भीतीही वाटली नाही — तेच सारखं मनात येतं. घरी पोचल्यावर माणूस उतरतो ना, तसा उतरत होतो.

परत येताना मिस्त्रीने गाडी चालवली. घराशी किल्ली हातात देताना म्हणाला, गाडीत काही दोष नाही. मग जायला वळला, परत आला आणि म्हणाला, गाडीत काही दोष नाही, समजलं का?

२८ नोव्हेंबर

घरी सांगितलं नाही. बाबांनी विचारलं, गळला का? म्हणालो, एक थेंब नाही. त्यांचं तोंड उजळलं. किती दिवसांनी! आईने ते पाहिलं आणि तीही हसली.

३० नोव्हेंबर, रविवार

लॅबच्या बाईंचा फोन. उद्या साडेआठला दारात हवा, नमुने थांबत नाहीत, म्हणाल्या. हो म्हणालो. शर्टाला इस्त्री केली. उजवा पाय सारखा बघतो आहे. साधा पाय आहे.

१ डिसेंबर, सोमवार

सात वाजता खाली गेलो. कूलर कोरडा, रेघ सलग. पाना लावला आणि पाव फेरा सैल केला. पुसलं. नवी रेघ ओढली, शेवटी टिंब दिलं.

वर पाहिलं तर बाबा खिडकीत होते. त्यांनी खिडकी ओढून घेतली, हळू, कडी वाजू न देता.

आठ वाजता लॅबच्या बाईंना फोन लावला. म्हणालो, गाडी गळते आहे.