आठवड्याचे पाच उपवास

३ फेब्रुवारी, सोमवार
चारचौघांत बसलं की सगळे माझ्याकडेच बघताहेत असं का वाटतं? उत्तर मला माहीत नाही. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, एवढं तरी यायला हवं होतं.
आमच्या नोएडाच्या संस्थेत सगळे एकाच टेबलावर जेवतात, एकमेकांच्या डब्यात हात घालतात. बोलले तर माझ्या हिंदीला हसतील, गप्प बसले तर घमेंडी म्हणतील. आमच्या प्रमुख सोनम मॅमनी जेवायला बोलावलं, तेव्हा उपवास आहे म्हणाले. हे खोटं नाही, तयारी आहे. शुक्रवारी त्याच टेबलावर माझा रिपोर्ट मांडायचाय. त्यावर पर्मनंट होणं ठरणार. विषय: मुली वर्गात हात वर का करत नाहीत. माझा जीव आहे त्यात.
डबा जिन्यात खाल्ला.

४ फेब्रुवारी
माझ्याच टीममधल्या नीरजने विचारलं, आज तो खाओगी? मंगळवार गणपतीचा, म्हणाले. अच्छा, म्हणाला, हमारे यहाँ हनुमानजी का. उद्यापासून नक्की टेबलावर.

५ फेब्रुवारी
बुधवार विठोबाचा.
जिन्यात पुण्याच्या मयुराने पकडलं. तोंडात भाकरी. ती एवढंच म्हणाली, अगं, चटणी दे ना थोडी. आणि शेजारी बसून खाल्ली. काय म्हणत असेल मनात? दुपारभर काम सुचलं नाही.

६ फेब्रुवारी
दत्ताचा गुरुवार. लोकांनी माझ्यासाठी केळी, मखाणे आणले. चीड आली. इतकं चांगलं वागायची काय गरज? सोनम मॅम म्हणाल्या, अशक्तपणात बोलू नकोस, रिपोर्ट नीरज वाचेल. उद्या उभी राहून ठणकावणार: मीच वाचणार!

७ फेब्रुवारी, रात्री
शुक्रवार देवीचा. रिपोर्ट नीरजने छान वाचला. टाळ्या पडल्या. मग कोणीतरी विचारलं, ये लड़कियाँ आख़िर डरती किससे हैं? नीरजने माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. मयुरा हळूच म्हणाली, सांग ना गं, तुलाच माहितीय. मी म्हणाले, लिखकर दूँगी.
प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढलं.
बाबांचा फोन आला. झालीस का पर्मनंट, गल्लीतले विचारताहेत. खरं सांगितलं तर काय म्हणतील लोक त्यांना? निर्णय घेतला आणि लगेच अमलातही आणला. झाले म्हणून सांगितलं. तिकडे पेढे वाटून झालेत.