घरटी एक माणूस

आई, यंदा पुन्हा पर्‍ह्या वाहून चाललाय. दिवाळी झाली, भात घरात आलं, तरी बंधाऱ्याच्या खाचा उघड्याच्या उघड्या आणि ओढ्याचं पाणी सरळ खाडीला. सिमेंटचा एवढा थोरला बंधारा, पण खाचांत बसवायच्या लोखंडी फळ्या गंजून मोडल्या त्याला कितीतरी वर्षं झाली. फळ्यांशिवाय बंधारा म्हणजे नुसता पूलच की! खालच्या वाडीच्या विहिरी होळीआधीच तळाला जातील, मग हंडे घेऊन टँकरची वाट बघा. तुलाच सांगते, कारण हा बंधारा तू आणलास.

त्याआधी दगडामातीचा होता. घरटी एक माणूस यायचं, आणि बाप्ये सगळे मुंबईला म्हणून येणार बायकाच. तू पदर खोचून पाण्यात उभी आहेस, दगडांच्या फटींत पेंढा कोंबते आहेस, मधेच वर बघून कोण आलं नाही ते हेरते आहेस, आणि तुझ्यामागे मी चहाची किटली घेऊन. एखादं घर चुकलं की तू थेट त्यांच्या अंगणात. "काय गो, तुमच्या विहिरीला पानी नको काय? मग येताव की मी दोरी काढून नेव?" ती बाई हसत, शिव्या घालत यायची, पण यायची. पावसाळ्यात सगळं वाहून जायचं आणि कार्तिकात पुन्हा तेच. म्हणून तू रत्नागिरीच्या कचेरीत खेपा घालायला लागलीस. मी एकदा म्हटलं, आपलं आपण करतो की, सरकारच्या दारात कशाला? केवढी उखडलीस माझ्यावर! "बायकांनी जन्मभर दगडच उचलायचे काय गो? सरकार काय नुसती मतं मागायला?" तुझं बरोबरच होतं. आजही वाटतं.

बंधारा झाला, तू पेढे वाटलेस, आणि घरटी माणूस यायचं तिथेच बंद झालं. सरकारचा बंधारा, सरकार बघेल! तू हे बघायला राहिली नाहीस ते बरंच झालं. कचेरी म्हणते, ग्रामपंचायतीकडे सोपवलाय. ग्रामपंचायत म्हणते, निधी नाही. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं! शेवटी गेली दोन वर्षं आम्ही पाच-सहा जणींनी मातीची पोती भरून खाचांत रचली. पाणी अडलं गं, खालच्या वाडीत मे महिन्यापर्यंत पुरलं. मग मी फळ्या मागायला कचेरीत गेले. साहेब तरुण, भला मुलगा, चहासुद्धा पाजला. म्हणाला, "बाई, तुमच्या गावाचं काम आदर्श आहे, फोटो वर पाठवलेत. पण फळ्या आधी जिथे लोक काहीच करत नाहीत तिथे द्याव्या लागतात." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "म्हणजे हातपाय हलवले हाच आमचा गुन्हा?" तो खाली बघत म्हणाला, "माझ्या हातात असतं तर उद्याच दिल्या असत्या." त्याच्यावर तरी काय चिडणार!

येताना एसटीत ठरवून टाकलं, यंदा पोती नाहीत. वाहू दे पाणी, पडू दे विहिरी कोरड्या, त्याशिवाय ह्यांना जाग यायची नाही. दोन आठवडे हट्टाने घरात बसले. काल खालच्या वाडीतली काकू आली, तुझ्याबरोबर पाण्यात उभी राहायची ती. गुडघे गेलेत, काठी टेकत आली. "यंदा कधी बोलवतेस गो? मी पोती धुवून ठेवलीत." कचेरीला धडा शिकवायला मी तिची विहीर पणाला लावली होती.

तेव्हा उद्या पोती. आणि सोमवारी पुन्हा कचेरी, फळ्या मिळेपर्यंत त्या मुलाला सोडणार नाही. फोटो मात्र काढू देणार नाही.

हे कागद कुठे पाठवायचे नाहीत, म्हणून लिहिते. उद्याचं मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. सकाळपासून दोनदा बंधाऱ्याकडे डोकावून आले, कोणी आधीच सुरुवात केलीय का बघायला. साऱ्या गावाला शिव्या घालते गं, पण मला पुढे व्हायचं नाही. मला तुझ्यामागून चहाची किटली घेऊन यायचंय.