टोकाशी भोक असलेला खिळा

आई, तुला जाऊन नऊ वर्षं झाली आणि आज दुपारी नौपाड्यात मला तुझा दात दिसला. म्हणजे एक्स-रे. थांब, नीट सांगतो. हे पार्सलच्या पावत्यांमागे लिहितोय, कुठे टाकायचंय थोडंच. सध्या मी एका डेंटल लॅबचे डबे क्लिनिकांत पोचवतो. त्याआधी गोव्यात होतो, त्याआधी कुठे कुठे, ते राहू दे. आजचा डबा नेमका तुझ्या डॉक्टरबाईंचा निघाला, जिथे तू इतकी वर्षं हत्यारं धुतलीस. बाईंनी लगेच ओळखलं. "अरे भटक्या! बस, चहा घे."

खुर्चीत एक आजोबा. त्यांच्या हाडात बसवलेल्या इम्प्लांटवरचा दात हलत होता, बसवणारे डॉक्टर वारलेले, कंपनीचं नाव असलेलं कार्ड हरवलेलं. कंपनी कळल्याशिवाय आतला स्क्रू कसायची चावी मिळत नाही म्हणे. बाई एक्स-रे लावून नव्या डॉक्टरणीला विचारत होत्या, "आटे रुंद की बारीक? मान सरळ की पसरट? टोकाशी भोक आहे?" ती म्हणाली, "मला तर सगळे सारखेच दिसतात, मॅडम." "सारखे कसे?" म्हणत बाईंनी कपाटातून एक जुना एक्स-रे काढून शेजारी लावला. "हा याच्या आईचा, मीच बसवलेला. बघ, रुंद आटे, पसरट मान, टोकाशी आरपार भोक. जुळला!"

चहा माझ्या हातातच राहिला. आई, हा स्क्रू मी बोटांत धरलेला. डोंबिवलीच्या स्मशानात, अस्थी वेचताना, काळानिळा पडलेला, करंगळीच्या नखाएवढा. पप्पा म्हणाले, "लाकडातला खिळा असेल, टाक." मी टाकला गं, मागच्या गटारात, आणि पॅन्टला हात पुसले. खिळ्याला भोक कशाला असेल, एवढंही डोक्यात आलं नाही. दातासाठी हाडात स्क्रू बसवतात हे मला कुठे ठाऊक?

पुढचा दात पडल्यापासून तू पदर धरून हसायचीस. बाईंनी तो फुकट बसवून दिला तेव्हा फोनवर म्हणालेलीस, "ये ना रे एकदा, बघ तरी कशी दिसते मी." "दिवाळीला येतो," म्हटलं, आणि आलो तो थेट अस्थी वेचायला.

निघताना बाई म्हणाल्या, "किती मिरवायची रे तो दात! तुला तर हसून हसून दाखवला असेल."

मी म्हणालो, "हो, खूपदा."